पूजा राहिलेली मशीन

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेनवाला साळुबाईनं पुढच्या खोलीच्या दारात उभं राहून शिलाईच्या मशिनी मोजल्या. हे मोजणं तिचं रोजचंच. एखादी कमी झाली असेल अशी आशा तिनं केव्हाच सोडली होती. रात्रीतून एखादी वाढली नाही ना, एवढंच बघायचं. अकरा होत्या. भिंतीला लागून सहा, खिडकीखाली तीन, आणि टीव्हीच्या दोन्ही अंगांना एकेक, देवळापुढं द्वारपाल उभे करावेत तशा. अकराही काळ्या, अकराही पायानं चालवायच्या, अकरांच्याही अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी झिजलेली. आज त्यात झेंडूच्या माळा पडल्या होत्या आणि हळदकुंकवाची पाच-पाच बोटं उठली होती.

उद्या दसऱ्याला अकरा वाजता याच खोलीत लेकीचा, स्नेहलचा, साखरपुडा व्हायचा होता. घोडेगावाहून पंचवीस माणूस यायचं होतं. थोरल्या लेकानं, अमृतनं, तीन वर्षांमागं स्लॅब टाकून ही खोली बांधली ती पाव्हण्यारावळ्यांना बसायला म्हणून, आणि तेव्हापासून तिच्यात एकही पाव्हणा धड मांडी घालून बसला नव्हता.

कुंडलिक हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन शेवटच्या मशिनीपुढं वाकला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"अहो," साळुबाई म्हणाली, "उद्या पंचवीस माणूस बसवायचं कुठं? मशिनीच्या मांडीवर?"

"अंगणात मांडव घालतोय की अमृत."

"आन् नवरदेवाची आजी? ऐंशीची म्हातारी ती. तिला उन्हात बसवू?"

"तिला खुर्ची दिऊ आतमदी."

"खुर्ची ठिवायला जागा तेवढी दावा मला."

कुंडलिकनं खरोखर खोलीभर नजर फिरवली. जागा काही दिसली नाही. मग ठेवणीतलं उत्तर त्यानं काढलं. "आता पूजा झालीया साळू. पुजल्यालं हत्यार उद्या सांजंला सोनं लुटंस्तोवर हलवायचं न्हाई, चालवायचं न्हाई. आमच्या बापानं नांगर कदी हलवला न्हाई."

"म्हणून तर काल घसा सुकंस्तोवर सांगत व्हते, आदी मागच्या पडवीत न्या आन् मग पुजा."

"पडवीत वल हाय. गंज धरंल."

साळुबाईनं कपाळाला हात लावला. त्याच पडवीत तिनं दोन पावसाळे काढले होते, बाजेवर, गुडघ्यांना तेल चोळत. तेव्हा ओलीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

तेरा वर्षं हा खेळ चालला होता. कुणी सांगावं की आण्याच्या पठारावर सोमाजी शिंप्याच्या माळ्यावर जुनी मशीन पडलीय, की निघाला हा. कुणी म्हणावं आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याकडं एक आहे, त्यावर तो स्पॅनर ठेवतो, की निघाला. आणायची, खोलायची, रॉकेलात धुवायची, तेल घालायचं, चामड्याचा पट्टा नवा बसवायचा आणि गोणपाटाच्या तुकड्यावर टीप मारून बघायची. गावातल्या निम्म्या ताडपत्र्या आणि कांद्याच्या गोण्या त्यानंच शिवलेल्या होत्या. सरळ टीप सुरेख घालायचा. वळणाची टीप त्याला कधी जमली नाही.

आणि प्रत्येक मशीन टेम्पोतून उतरली की घामेजलेला, हात काळे झालेला तो एकच प्रश्न विचारायचा.

"साळू, बघ गं. हीच का?"

"न्हाई," साळुबाई म्हणायची, आणि भाकरी थापायला आत जायची. अकरा वेळा झालं होतं हे. तालुक्यात हसायचे लोक. जुनी मशीन विकायची असली की सरळ निमगावची वाट धरायचे आणि दारातून ओरडायचे, भाऊ, वैनीची मशीन घावली.

तिची मशीन. बापानं लग्नात दिलेली. तिच्यावर तिनं अर्ध्या गावाच्या चोळ्या शिवल्या होत्या. स्नेहलच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी आण्याला गेली, आणि नेमकं त्याच वैशाखात नणंदेचं, लंकाबाईचं, लग्न निघालं. रुखवत मांडताना वरपक्षातल्या कुणीतरी विचारलं, मशीन दिसत नाही ती? कुंडलिकनं मागचापुढचा विचार न करता घरातून बायकोची मशीन उचलली, फडक्यानं पुसली आणि रुखवतात नेऊन ठेवली. मोठा भाऊ ना. मांडवात मान खाली जायला नको. मान राहिली. साळुबाई सव्वा महिन्याची पोर काखेत घेऊन घरी आली तेव्हा खिडकीखाली चार लोखंडी पायांचे चार डाग तेवढे जमिनीवर होते.

"नवी घिऊ," तो म्हणाला होता.

"नवी नगं. माझी हाय तीच या घरात आणा. तवर मी कुठल्याबी मशिनीवर बसायची न्हाई."

रागात बोलून गेली. बाई रागात शंभर गोष्टी बोलते. पण बोलली ती त्याच्या बहिणीदेखत, भावकीदेखत, आणि मग मागं फिरायला तिला कुणी वाट ठेवली नाही आणि तिनंही मागितली नाही. बावीस वर्षं झाली. बटण लावायची ती हातसुईनं. पोरीलाही मशीन शिकवली नाही.

"आई!"

आतून स्नेहलची हाक आली, आणि त्या हाकेतच साळुबाईला कळलं की आजचा दिवस सुखानं जाणार नाही.

साखरपुड्याचं हिरवं रेशमी ब्लाऊज स्नेहलच्या दंडात अडकलं होतं, वरही जाईना, खालीही येईना. सून मोहिनी एका बाहीला धरून उभी होती आणि बाजेवर बसलेली लंकाबाई दोघींना सूचना करत होती. लंकाबाई कालच आळ्याहून आली होती. भाचीच्या साखरपुड्याला आत्या आधी यायलाच हवी, आणि आल्यावर प्रत्येक गोष्टीत बोलायलाही हवी.

"श्वास आत घी, श्वास," लंकाबाई म्हणत होती.

"आत्या, श्वास घेऊन दंड बारीक होतो का?"

"मापाला कुठलं ब्लाऊज दिलं व्हतं?" साळुबाईनं विचारलं.

मोहिनीनं स्नेहलकडं पाहिलं. स्नेहलनं भिंतीकडं.

"बारावीतलं," स्नेहल म्हणाली. "तेच फिटिंगला चांगलं होतं."

"बारावीत तू मूठभर व्हतीस गं."

साळुबाईनं ब्लाऊज उतरवून घेतलं, उलटं केलं, शिवण बोटांत धरून बघितली. आत कापड सोडलेलं होतं, दोन्ही बाजूंना चांगलं बोटभर. दंडाची, काखेची आणि बगलेची शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. तासाभराचं काम. पण रेशीम होतं, आणि हातसुईच्या टाक्यावर ताण आला की फट दिसणार. फोटो निघणार होते. घोडेगावच्या बायका बसणार होत्या समोर.

"अमृतला म्हणावं गाडी काढ. आळेफाट्याला नेऊन टाक टेलरकडं."

"मी फोन केला आई," मोहिनी म्हणाली. "त्यांनी पण मशिनी पुजल्यात. म्हणाले परवा या. गावातल्या दोघांनाही विचारून आले. तेच."

स्नेहल मटकन बाजेवर बसली. "घरात अकरा मशिनी. जुन्नर तालुक्यात एवढ्या कुणाच्या घरी नसतील. आणि मी उद्या पाहुण्यांसमोर पदर आवळून बसू?"

अमृत अंगणातून हात झटकत आत आला. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून घरच्या भांडणातही तो उभ्यानंच बोलायचा. "मी आबांना दोन वर्षं सांगतोय. पुण्यात एक हॉटेलवाला आहे, त्याला असल्या मशिनी पाहिजेत. वर काच टाकून टेबलं करतो. टेम्पो त्याचा. सगळ्याच्या सगळ्या नेतो म्हणाला."

"टेबल?" दारातून कुंडलिक म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नव्हतं. "चालती मशीन हाय ती. तिच्यावर लोकं चहा पिणार?"

"इथं त्यांच्यावर काय होतं आबा? झेंडू वाळतो."

"आबा, एक तरी चालवू द्या ना," स्नेहल म्हणाली. "एकच. तासभर."

कुंडलिकचा चेहरा पडला. लेकीला तो सहसा नाही म्हणत नसे. "पोरी, उद्या तुजं शुभकार्य. आजच्या दिवशी पूजा मोडून हत्यार चालवायचं, आन् उद्या काय इपरीत घडलं तर मी कुणाला तोंड दावू? आन् चालवणार कोण? मला ह्ये काखंचं वळण जमत न्हाई."

एवढं बोलून त्यानं साळुबाईकडं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. घरात शिवता येणारी बाई एकच होती आणि ती बसणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लंकाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. जिच्या रुखवतात ती मशीन गेली तिला कधी सुईत दोरासुद्धा ओवता आला नाही.

साळुबाईला सगळ्यांचा मिळून संताप आला. नवऱ्याचा, की त्यानं नको तिथं कायदा धरला. पोरीचा, की बावीस वर्षांची घोडी होऊन मापाला बारावीतलं ब्लाऊज देते. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

त्याच वेळी दारात छोटा टेम्पो थांबला.

"भाऊ," टेम्पोवाला बहिरू ओरडला, "ह्या बारीला चूक न्हाई. वैनीचीच हाय बघा."

"नाही," अमृत म्हणाला. "आज नाही. परत ने."

"अवं निळवंड्यापासून आणलीया. तिथल्या इकणाऱ्या म्हातारीनं सांगितलं, आळ्याच्या लोकांकडून घेतली व्हती म्हणून. आळ्याच्या. लंकाआक्काचं गाव न्हवं का?"

अमृतनं मोहिनीकडं बघितलं आणि दोघांनीही मान हलवली. आता काही उपाय नाही, अशा अर्थाची. बहिरू आणि कुंडलिकनं मशीन खाली उतरवली. खोलीत जागा नव्हतीच, म्हणून दारातच ठेवली, उंबऱ्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्यानं अंग चोरून जावं अशी. बारावी. धुळीनं राखाडी झालेली. कुंडलिकनं खांद्यावरच्या टॉवेलनं तिचं डोकं पुसलं, चाक हातानं फिरवलं, तेलाची कुपी आणून चार ठिकाणी थेंब सोडले, पट्टा चढवला. मग टॉवेलला हात पुसत त्यानं विचारलं.

"साळू, बघ गं. हीच का?"

"आबा," मध्येच स्नेहल म्हणाली, "हिची पूजा नाही झालेली."

सगळ्यांच्या नजरा मशिनीवर गेल्या.

"आत्ता आली ही," स्नेहल म्हणाली. "हळद नाही, कुंकू नाही. ही चालवली तर काय मोडतं?"

कुंडलिकच्या बापानं असल्या प्रसंगासाठी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. "तसं बघाय गेलं तर," तो म्हणाला, "न्हाई मोडत."

आता मात्र सगळ्यांनी साळुबाईकडं बघितलं.

ती पुढं झाली आणि मशिनीपुढं उकिडवी बसली. तिच्या मशिनीची खूण तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर तालुक्यातल्या लोकांनी ती खोटी करून आणली असती. पायडलाच्या लोखंडी जाळीत डाव्या कोपऱ्याचं एक पान ती लहान असताना मोडलं होतं, आणि आण्याच्या लोहारानं पितळेचा डाग देऊन ते जोडलं होतं. बापानं मशीन दिली ती जुनीच होती, त्याच्या आत्याची. तो पिवळा डाग पायाच्या अंगठ्याला लागायचा. साळुबाईनं पदरानं कोपरा पुसला. पान अखंड होतं. काळंभोर, गुळगुळीत, कधीही न मोडलेलं.

ती तशीच बसून राहिली. न्हाई म्हणायचं आणि उठायचं, सवयीचं होतं ते. मग तेरावी येणार. ती कुठं ठेवणार हा? चुलीपुढं? वर मान केली तर उंबऱ्यात कुंडलिक उभा, टॉवेल दोन्ही हातांत धरून, साठीचा माणूस, नाकावर तेलाचा डाग. त्याच्यामागं पोर, हातात हिरवं ब्लाऊज. त्या पोरीच्या लग्नात शिवायला आपण सोडून दुसरी कोण आहे या घरात?

वीट आला होता. खरोखर वीट आला होता सगळ्याचा.

"हीच," ती म्हणाली.

कुंडलिकनं टॉवेल डोळ्यांना लावला, घाम पुसल्यासारखं केलं, आणि फार वेळ पुसत राहिला.

"बघत काय बसलायसा? इष्टूल आणा. आन् हिरवा दोरा."

पहिल्या दोन टीपा वाकड्या गेल्या. पाय विसरला होता. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, साळुबाईनं तोंडातल्या तोंडात मशिनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या टीपेला पाय लागला. मग पायडल एका ठेक्यात वाजायला लागलं, आणि स्वयंपाकघरातून मोहिनी तव्यावरची पोळी तशीच ठेवून बघायला आली. सासूला मशिनीवर बसलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

अमृत हुशार गडी. लोखंड तापलेलं त्याला बरोबर कळलं. "आबा, मग आईची मशीन सापडली. आता बाकीच्या अकरा?"

"उद्या सोनं लुटलं की सांग तुज्या हाटेलवाल्याला," कुंडलिक म्हणाला. इतक्या सहज, की अमृतला खरं वाटेना. "पर टेबलं करू नगं म्हणावं. न्हाई ऐकला तर न्हाई ऐकला." आणि तो बहिरूला घेऊन मांडवाचे बांबू बघायला गेला.

साळुबाईला मनातून बरं वाटलं. एक खोटा शब्द, आणि खोली मोकळी. आधीच बोलले असते तर, असं वाटून गेलं.

लंकाबाई स्टुलाशेजारी खाली बसून उसवलेल्या शिवणीतले दोरे वेचत होती. बराच वेळ वेचल्यावर ती हळूच म्हणाली, "वयनी, ही तुमची न्हवं."

पाय थांबला.

"तुमाला कसं ठावं?"

"तुमची ऱ्हायली न्हाई वयनी. गोठ्यात ठिवली व्हती आमच्या सासऱ्यानं, गंजली. भंगारवाल्याला दिली. सायकलीवर बसंना म्हणून त्यानं तिथंच घणानं फोडली. मी बघितली. पायडलात पितळेचा डाग व्हता, त्यो तुकडा घिऊन पोरं खेळत व्हती."

सुई रेशमात रुतलेली होती.

"मी लई रडले त्या दिशी. तुमाला सांगायचं धाडस न्हाई झालं. भाऊबीजेला आले तवा दादाला सांगितलं."

"कंच्या भाऊबीजेला?"

लंकाबाईनं दोरे मुठीत घेतले. "पयली मशीन आणली ना दादानं, सोमाजी शिंप्याची? त्याच्या आदल्या."

साळुबाईनं हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती. तेरा वर्षं. अकरा टेम्पो. अकरा वेळा हीच का. आणि त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की नाही म्हणून. तिनं पुन्हा पाय मारला आणि पुढची टीप अशी जोरात घातली की लंकाबाई हात आखडून मागं सरकली आणि थोड्या वेळानं पाणी आणण्याच्या निमित्तानं उठून गेली.

कुंडलिक आला तो हळदकुंकवाचं ताट घेऊन. एक झेंडूची माळ उरली होती.

"लंकीनं सांगितलं," साळुबाई मान वर न करता म्हणाली.

तो उभाच राहिला. ताट हातात.

"तुमाला ठावं व्हतं. आन् तरी इचारत व्हता. मला खुळी केली तुमी गावात."

"मी बी खुळाच ठरलो की गावात."

"मोडली म्हणून सांगायचं व्हतं सरळ."

"मोडली म्हणलो असतो तर तू कदीच बसली नसतीस." त्यानं ताट खाली ठेवलं. "तुजा शबुद मला ठावं हाय. म्हणलं, आणत ऱ्हावं. एक ना एक दिस कटाळून तरी हो म्हणंल."

"कटाळून?"

"न्हाई तर आनि कशानं? माफ करून तर तू म्हणणार नव्हतीस."

साळुबाईला हसू आलं आणि ते दाबायला तिनं दोरा दातांनी तोडला. राग गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका सकाळीत जात नसतो, आणि तिला तो जायलाही नको होता. "तेरा वर्सं," ती म्हणाली. "माझं घर आडवलंसा तुमी. दुसरी मशीन आणली तवाच सांगायचं, की बाई आता हो म्हण."

"इचारत व्हतो की दर बारीला."

ती दुसरी बाही मशिनीखाली सरकवत राहिली. कुंडलिकनं कुंकवात बोट बुडवलं आणि मशिनीच्या कपाळाशी नेलं. "हिची ऱ्हायलीया. एवढं बोट लावतो."

साळुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"पुजू नका," ती म्हणाली. "पुजली की थांबावं लागंल. मला आजून शिवायचंय."